विदर्भातल्या गावात खाऱ्या पाण्याचं अक्वेरियम: दिवा कसा निवडायचा

खाऱ्या पाण्याची टाकी लावायची ठरली की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा दिवा घेऊ?" दुकानदार टाकीची लांबी विचारतो आणि एक आकडा सांगून मोकळा होतो. मुंबईतल्या एसी खोलीतल्या टाकीला तो आकडा चालूनही जाईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि महागडा दिवा बिघडला तर तो घेऊन नागपूर किंवा पुणे-मुंबई गाठावं लागतं. त्यामुळे आपला क्रम वेगळा हवा. आधी टाकीत कोण राहणार ते ठरवायचं, मग टाकीची उंची, मग उन्हाळा आणि वीज. दिवा सगळ्यात शेवटी.

माझी टाकी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आहे. घर स्लॅबचं, खोलीत एसी नाही, उन्हाळ्यात कूलर लागतो. पुढचं सगळं अशाच घरासाठी लिहिलं आहे.

१. टाकीत कोण राहणार ते कागदावर लिहा

हा टप्पा टाळून दिवा घेऊ नका. तेज प्रकाशाची गरज माशांना नसते, प्रवाळांना असते. प्रवाळाच्या शरीरात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. दिवा निवडताना तुम्ही खरं तर या शैवालांची सोय बघत असता.

फक्त मासे ठेवायचे असतील, म्हणजे क्लाउनफिश, डॅमसेल, गोबी वगैरे, तर घरातली साधी एलईडी ट्यूबही पुरते. ६५०० केल्विनची एक पांढरी ट्यूब आणि हवी तर तिच्या जोडीला एक निळी पट्टी. दिवसाला सहा ते आठ तास. इथे हजारो रुपयांचा रीफ दिवा, म्हणजे प्रवाळांसाठीचा खास दिवा, घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, वर खडकांवर शेवाळ वाढवणं. नवीन माणसाने पहिलं वर्षभर एवढंच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. क्लाउनफिश हॅचरीत वाढवलेला मागा. आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडून आणलेलाच मासा घ्यावा असं काही नाही. हॅचरीचा मासा टाकीत लवकर रुळतो आणि तयार खाद्यही खातो.

दुसरा प्रकार मऊ प्रवाळांचा: झोअँथिड, मशरूम, लेदर. यांना मध्यम प्रकाश पुरतो. गावातल्या टाकीला झेपणारी वरची मर्यादा मी इथेच मानतो.

तिसरा प्रकार कठीण प्रवाळांचा. परदेशी व्हिडिओत दिसणारे अ‍ॅक्रोपोरा, माँटिपोरा, ब्रेन कोरल हे सगळे त्यातच येतात, आणि ते आपण घ्यायचे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, सीफॅन आणि समुद्रघोडेही आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा शोभेला ठेवणंही त्या बंदीत येतं. लाइव्ह रॉक म्हणून विकला जाणारा खडक बऱ्याचदा प्रवाळाचाच असतो, तेव्हा सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार खडक घ्या. त्यांच्यावरही पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू तसेच बसतात.

या कायद्याने दिव्याची निवडही सोपी होते. सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात महाग दिवे कठीण प्रवाळांसाठीच असतात. ती प्रवाळं घ्यायची नाहीत म्हटल्यावर तो खर्चही टळतो.

क्लाउनफिश आला की लगेच अ‍ॅनिमोनी हवी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, हा मासा त्याच्या तंतूंत राहतो), हा आग्रह घरातली पोरं धरतात. थांबा. अ‍ॅनिमोनीला मऊ प्रवाळांपेक्षा बराच जास्त प्रकाश लागतो, ती टाकीभर चालत फिरते आणि वेव्हमेकरमध्ये, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपात, अडकली तर सगळी टाकी नासवते. क्लाउनफिश तिच्याशिवाय मजेत जगतो.

२. टाकी उथळ घ्या

टाकी जितकी उंच, तितका तळाशी प्रकाश कमी आणि दिवा तितका तेज लागतो. तेज दिवा म्हणजे जास्त उष्णता आणि जास्त बिल. म्हणून ६० सेंटिमीटर उंचीच्या देखण्या टाकीच्या मोहात पडू नका. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच हे माप मला सगळ्यात सोयीचं वाटतं. त्यात साधारण १८० लिटर पाणी मावतं. खडक आणि वाळू घातल्यावर दीडशेच्या आसपास उरतं. पाणी जास्त असलं की ते सावकाश तापतं, हा मोठा फायदा. पन्नास लिटरची टाकी नवतपात (मे अखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एका दुपारीत हाताबाहेर जाते.

टाकी खिडकीसमोर नको. उन्हाने दिव्याचं काम होईल असं वाटतं, पण काचेतून आलेलं ऊन पाणी तापवतं आणि काचेवर हिरवा थर आणतं. टिनाच्या छपराखालची खोलीही नको. स्लॅबची किंवा कवेलूची, घरातली सगळ्यात आतली आणि गार खोली निवडा. कवेलूची असेल तर वरून पडणाऱ्या कचऱ्यासाठी टाकीवर छत टाका.

३. दिव्याची चार मापं समजून घ्या

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. प्रकाश किती देतो ते वॅटवरून कळत नाही. एका लिटरला अमुक वॅट हा नियम ट्यूबलाइटच्या काळातला आहे, एलईडीला तो लावू नका.

केल्विन म्हणजे प्रकाशाचा रंग डोळ्याला कसा दिसतो ते. घरातली पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची. रीफचे दिवे १०,००० ते २०,००० केल्विनचे, म्हणजे निळसर. पाणी लाल प्रकाश वरच्या वरच शोषून घेतं आणि निळा खोलवर जातो. प्रवाळांची शैवालं त्या निळ्यालाच सरावलेली आहेत.

नॅनोमीटर हे त्याच रंगाचं जास्त नेमकं माप. दिव्याच्या माहितीपत्रकात ४२० ते ४८० नॅनोमीटरमधले एलईडी भरपूर आहेत का ते पाहा. ४५० च्या आसपासचा रॉयल ब्लू तर हवाच. झाडांच्या टाकीसाठी म्हणजे प्लांटेड अक्वेरियमसाठी बनवलेल्या दिव्यात लाल आणि पांढरा जास्त असतो. दिसायला सारखाच आणि किमतीला कमी, म्हणून लोक तो घेतात. प्रवाळांसाठी तो कामाचा नाही.

चौथं आणि खरं माप म्हणजे पार (PAR). प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात ते यात मोजतात. मशरूम आणि झोअँथिडला साधारण ५० ते १०० पार पुरतो, लेदरला ८० ते १५०. कठीण प्रवाळांची भूक २०० च्या पुढे जाते. दिवा घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "पाण्याखाली ३० आणि ४० सेंटिमीटरवर, मधोमध आणि कोपऱ्यात, पार किती येतो?" ज्याच्याकडे त्या दिव्याचा असा तक्ता आहे त्याच्याकडून घ्या. नुसतं "भाऊ, एकदम पावरफुल आहे" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

पार मीटर महाग असतो, एका टाकीसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. नागपूर-अमरावतीच्या एखाद्या हौशी माणसाकडून एका दिवसासाठी मिळाला तर उत्तम. मोबाइलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप निळा प्रकाश फार कमी दाखवतं, त्यामुळे त्याच्या आकड्यावरून पार काढू नका. त्याचा उपयोग एकच: आज दिव्याखाली ठरावीक अंतरावर आकडा लिहून ठेवायचा आणि सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा पाहायचा. दिवा मंदावला असेल तर लगेच कळतं.

४. मेटल हॅलाइड, टी-५ की एलईडी

मेटल हॅलाइड हा जुन्या धाटणीचा प्रखर बल्ब. त्याचा प्रकाश सुंदर असतो. पाण्यात सूर्यासारख्या लाटा चमकतात. पण त्याची उष्णता सरळ पाण्यात उतरते. आपल्या उन्हाळ्यात त्याच्या जोडीला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावाच लागेल. तो दिवा सोडून द्या.

टी-५ ट्यूबचा (बारीक ट्यूबलाइटचा) प्रकाश टाकीभर एकसारखा पसरतो, कोपऱ्यात अंधार राहत नाही. अडचण अशी की तिचा रंग हळूहळू बदलतो आणि नऊ ते बारा महिन्यांत ट्यूब बदलावी लागते. रीफसाठीच्या ट्यूब तालुक्याला मिळत नाहीत, त्या पार्सलने मागवाव्या लागतात आणि काच वाटेत फुटते.

राहता राहिली एलईडी. उष्णता वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकमधून खोलीत जाते, पाण्यात कमी उतरते. प्रकाश कमी-जास्त करता येतो. विजेचा हिशेबही सोपा आहे. ९० सेंटिमीटरच्या टाकीवरचे दोन एलईडी मिळून सरासरी १०० वॅट खात असतील, तर आठ तासांचे रोज ०.८ युनिट, महिन्याला २४. तिथेच १५० वॅटचे दोन मेटल हॅलाइड बॅलास्ट (दिव्याचा चोक) धरून महिन्याला ८० युनिटच्या घरात जातात. चिलरचं बिल वेगळंच.

५. एलईडी घेताना काय पाहायचं

खोक्यावरचे वॅट खरे मानू नका. १६५ वॅट असं छापलेला काळा चौकोनी चिनी दिवा बाजारात खूप दिसतो. त्यात ३ वॅटचे ५५ एलईडी असतात, म्हणून गुणाकार १६५. ते एलईडी पूर्ण ताकदीने चालवलेले नसतात, प्रत्यक्षात दिवा ११०-१२० वॅटच्या आसपास खातो. दिवा वाईट आहे असं नाही, मऊ प्रवाळांना तो भरपूर होतो. पण दोन दिव्यांची तुलना करताना प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरने प्रत्यक्ष वापर मोजा.

६० सेंटिमीटर लांबीला एक दिवा हे ढोबळ माप धरा. ९० च्या टाकीवर मधोमध एकच मोठा दिवा लावला तर त्याच्याखाली प्रवाळ भाजतात आणि कडेला उपाशी राहतात. त्याऐवजी मध्यम ताकदीचे दोन लावा. गावात याचा आणखी एक फायदा आहे: एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. लेन्सचा कोन ९० ते १२० अंश असावा. ६० अंशाची लेन्स खोल टाकीसाठी असते.

दुरुस्ती होण्यासारखा दिवा घ्या, हे मी सगळ्यात वर ठेवतो. ड्रायव्हर, म्हणजे वीज बदलून एलईडीला देणारा डबा, दिव्याच्या बाहेर सुटा असेल तर तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडेही त्याच मापाचा दुसरा बसवून मिळतो. आतला पंखा साधा १२ व्होल्टचा, स्क्रूने निघणारा असावा. सगळं एका सुबक बंद डब्यात चिकटवलेलं असेल तर एका सुट्या भागापायी अख्खा दिवा फेकावा लागतो. नामांकित परदेशी दिवा परवडत असेल तर अवश्य घ्या, प्रकाश चांगलाच असतो. पण भारतात त्याची वॉरंटी कोण देतं आणि पार्सलचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून घ्या.

शेवटची परीक्षा दुकानातच करा. दिवा ४० टक्क्यांवर लावा, प्लग काढा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. तो ४० टक्क्यांवर आणि बरोबर वेळेवर परत आला पाहिजे. काही स्वस्त दिवे लाइन आली की सरळ १०० टक्क्यांवर पेटतात, तर काहींचं घड्याळ रात्री बारावर जातं. जिथे लाइन वारंवार जाते तिथे असा दिवा महिनाभरात प्रवाळ मारतो. मोबाइल अ‍ॅपवरचा दिवा इंटरनेट नसताना वेळापत्रक पाळतो का, तेही विचारा.

सोबत लागणारं सामान:
- मोजपट्टी, थर्मामीटर, खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर
- बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर (दिव्यात स्वतःचा नसेल तर)
- प्लगचा वॅटमीटर
- व्होल्टेज प्रोटेक्टर आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच)
- टांगणीसाठी स्टीलची तार आणि हुक, किंवा अ‍ॅल्युमिनियमचा स्टँड
- बारीक जाळी, दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे

सांभाळून ठेवायची कागदपत्रं:
- दिव्याचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड
- प्रत्येक प्राण्याचं बिल, त्यावर नुसतं "कोरल" नको, जातीचं नाव हवं
- प्राणी बाहेरदेशातून आलेला असेल तर विक्रेत्याकडच्या आयात कागदपत्रांची प्रत

जातीबद्दल शंका असेल तर पैसे देण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

६. वीज: इथे घाई करू नका

वायरमन भाऊंना बोलावून आधी अर्थिंग तपासून घ्या. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं वीज वाहून नेतं. दिव्यातून टाकीत करंट उतरला आणि अर्थिंग नसलं, तर टाकीत हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतेल. ईएलसीबी बसवल्याशिवाय टाकी सुरू करायची नाही. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाला टपकेल, बोर्डात शिरणार नाही. बोर्ड टाकीच्या वर किंवा बाजूला, कधीही खाली नको.

कमी व्होल्टेजची काळजी फारशी नको. बहुतेक ड्रायव्हर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, शेतातल्या मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज पडलं तरी दिवा तग धरतो. धोका वरच्या बाजूला आहे. खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात एकदम तीन-चारशे व्होल्ट येऊ शकतात. मग टीव्ही, फ्रिज, दिवा सगळंच एकदम जातं. व्होल्टेज प्रोटेक्टर १८० ते २६० व्होल्टच्या दरम्यान सेट करा आणि लाइन परत आल्यावर तीन मिनिटं थांबून जोडणी होईल असं ठेवा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर सर्ज प्रोटेक्टर असं छापलेलं असलं तरी न्यूट्रल तुटल्यावर त्याचा भरवसा धरू नका.

इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा हवा. आणि त्यावर दिवा लावू नका. लाइन गेल्यावर पहिला हक्क वेव्हमेकरचा आणि एअर पंपाचा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, उन्हाळ्यात पाणी हललं नाही तर मासे काही तासांत गुदमरतात. प्रवाळं मात्र एक-दोन दिवसांचा अंधार सहज सोसतात.

कपाशीच्या भागात राहणाऱ्यांना कळकळीने सांगतो: वेचणीनंतर कापूस घरात भरून ठेवत असाल तर टाकी, दिवा आणि त्याचे बोर्ड त्या खोलीत अजिबात नकोत. आगीचा धोका तर आहेच. शिवाय कापसाचा तुसा हवेत तरंगत दिव्याच्या पंख्यात जातो. पंखा उघडून पाहिला तर पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत राखाडी नमदा बसलेला दिसतो. हवा जायला वाटच नसते, मग एलईडी तापतात आणि एकेक विझत जातात. शेजारच्या खोलीत कापूस असेल तरी हंगामात दर आठवड्याला पंखा मऊ ब्रशने झाडा. फवारणी करून आलेला हात साबणाने खळखळून धुतल्याशिवाय टाकीत घालू नका, कोळंबी आणि खेकड्यांना कीटकनाशकाचा अंशही पुरतो.

७. टांगणी, जाळी आणि पंखे

दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर वर ठेवा. वर नेला की प्रकाश पसरतो आणि सौम्य होतो, खाली आणला की एकवटतो. टांगणीची उंची कमी-जास्त करता येईल अशीच ठेवा. छताच्या हुकाला टांगणार असाल तर दिव्याच्या वजनाची पाचपट पोती लटकवून बघायला हरकत नाही, कारण दिवा पाण्यात पडणं ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. दुसरी बारीक स्टीलची तारही बांधून ठेवा.

टाकीवर काच झाकू नका. काचेवर मिठाचा थर बसून प्रकाश अडतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. त्याऐवजी चौकटीत ताणलेली बारीक जाळी बसवा. मासे उडी मारून बाहेर पडत नाहीत, आणि पावसाळ्यात निळ्या दिव्यावर झेपावणारी पाखरं आणि त्यांच्यामागे येणारी पाल पाण्यात पडत नाही.

पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं, २८ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे वारा मारणारे दोन छोटे पंखे एप्रिल-मेमध्ये फार चांगलं काम करतात, कारण आपली हवा तेव्हा कोरडी असते आणि बाष्पीभवन जोरात होतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्यांचा असर कमी होतो. कूलरचा झोत मात्र दिव्यावर नको, त्या ओलसर हवेने दिव्यावर गंज लवकर चढतो. पंखे आणि कूलर लावूनही पाणी २९ च्या खाली येत नसेल तर चिलर लागेल. चिलर स्वतः गरम हवा सोडतो, त्याचं तोंड खोलीबाहेर काढा.

पंख्यांनी रोज दोन-चार लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. भर घालताना मिठाचं पाणी घालू नका, आरओचं घाला. गावातल्या प्लांटच्या जारमध्ये चवीसाठी कच्चं पाणी मिसळलेलं असू शकतं, टीडीएस मोजून शून्याच्या जवळ असेल तेच वापरा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळात खारट असतं म्हणून ते टाकीला चालेल असं काही जण समजतात. त्यातले क्षार समुद्राच्या पाण्यातल्यापेक्षा वेगळ्या प्रमाणात असतात. ते पाणी टाकीला नको, टाकीसाठी नवीन समुद्री मीठ कालवायलाही नको.

८. दिवा हळूहळू वाढवा

टाकी नवीन असताना चार ते सहा आठवडे जिवाणू बसेपर्यंत दिव्याची गरजच नसते. बंदच ठेवा. पुढे खडकांवर तपकिरी थर येईल, तो डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शैवालाचा, असतो आणि बहुधा आपोआप जातो. त्याला घाबरून दिवा बदलू नका.

पहिलं प्रवाळ आणल्यावर दिवा ३० टक्क्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. सावलीतलं मिरचीचं रोप एकदम उन्हात लावलं तर करपतं, तसंच प्रवाळाचं आहे. दोन काळ्या दिव्यांखाली मऊ प्रवाळांना निळा ५०-६० टक्के आणि पांढरा १५-२० टक्के एवढ्यावर बहुतेकदा थांबता येतं. १०० टक्के गाठायलाच हवं असं काही नसतं. नवीन प्रवाळ आधी तळाला वाळूवर ठेवा, दोन आठवड्यांनी एक पायरी वर.

एकूण प्रकाश आठ ते नऊ तास, त्यात पूर्ण ताकद चार-पाच तासच. बाकी चढ-उतार. रात्री पूर्ण अंधार हवा, निळा दिवा रात्रभर शोभेला चालू ठेवणं बंद करा.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. हिवाळ्यात दुपारी एक ते रात्री नऊ. एप्रिल ते जून मात्र दुपारी चार-साडेचारनंतर सुरू करून रात्री बारापर्यंत, म्हणजे दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता पाण्यावर एकदम पडत नाही. प्रवाळाला घड्याळाशी देणंघेणं नाही, नियमितपणाशी आहे. वेळ सरकवताना रोज अर्ध्या तासाने सरकवा.

९. प्रवाळ काय सांगतात ते पाहायला शिका

मीटर नसला तरी प्रवाळ बोलतात. झोअँथिडच्या कळ्या माना लांब करून वर ताणल्या तर प्रकाश कमी पडतोय. मशरूम बशीसारखा पसरट राहण्याऐवजी आक्रसून घट्ट झाला तर बहुधा जास्त होतोय. रंग फिकट पडत पांढरट व्हायला लागला तर आतली शैवालं निघून चालली आहेत. अति प्रकाशाने असं होतं, अति उष्णतेनेही होतं. म्हणून आधी थर्मामीटर पाहा, मगच दिवा १०-१५ टक्के कमी करा. रंग मातकट तपकिरी होत गेला तर उलट, प्रकाश कमी पडतोय किंवा पाण्यात नायट्रेट जास्त आहे.

संध्याकाळी दिवा उतरायला लागला की टाकीसमोर दहा मिनिटं बसा. निरोगी झोअँथिडच्या वसाहतीत कडेच्या कळ्या आधी मिटतात, मग मधल्या, आणि झालरीसारखे बारीक तंतू आत ओढले जाऊन वर नुसते गुबगुबीत गोळे उरतात. दिवसाढवळ्या, प्रकाश पूर्ण असताना एखादाच कोपरा असा मिटून बसला असेल तर तिथे प्रकाश जास्त एकवटलाय किंवा कोणीतरी त्याला कुरतडतंय. दोन दिवस मिटलेलं राहिलं तर जागा बदला. ते उचलताना हातमोजे घाला. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं, हाताला जखम असेल तर फार धोका. खडकावरून ते उकळत्या पाण्याने काढायचा प्रयत्न कधीच करू नका, ती वाफही विषारी ठरते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दिव्याची टक्केवारी, उंची आणि वेळ एकदम बदलली तर कशाचा परिणाम झाला ते कधीच कळत नाही. टाकीजवळ वही ठेवा आणि तारीख, तापमान, टक्केवारी लिहीत जा.

१०. देखभाल, आणि दिवा अचानक गेला तर

आठवड्यातून एकदा दिवा बंद करून, गार झाल्यावर लेन्स आणि काच ओलसर मऊ कापडाने पुसा. मिठाचे पांढरे पापुद्रे साचले की प्रकाश किती तरी घटतो, आणि पुसल्यावर एकदम वाढतो. महिनाभर पुसलंच नसेल तर पुसल्यावर आठवडाभर टक्केवारी थोडी खाली ठेवा. निळा एलईडी चालू असताना त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी वर बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका.

दिवा गेला आणि सुटा भाग यायला वेळ लागणार असेल तर घाबरायचं कारण नाही. पहिले दोन-तीन दिवस काहीच करू नका, खाद्य थोडं कमी करा. त्यानंतर बाजारातली ६५०० केल्विनची २०-३० वॅटची एलईडी फ्लडलाइट जाळीच्या वर टांगा, तिच्यावर मऊ प्रवाळ पंधरा-वीस दिवस निभावतात, रंग थोडा मळका होतो एवढंच. दुरुस्त झालेला दिवा आला की जुन्या टक्केवारीवर लावू नका. पुन्हा ३० पासून सुरू करा आणि आठवड्याला पाचने वर जा.